हरिकेन आणि गाडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अटलांटिक आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा, म्हणजे तिथल्या चक्रीवादळांचा, हंगाम असतो. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात जोराचा. ह्यूस्टन, टॅम्पा, मायामी, न्यू जर्सी या भागांत मराठी कुटुंबं बरीच आहेत, आणि वादळाचं नाव जाहीर झालं की गाडीबद्दल हेच प्रश्न विचारले जातात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर जे वेगळं लागू पडतं, ते पुढे स्वतंत्र दिलं आहे.

गाडीला धोका वाऱ्याचा जास्त की पाण्याचा?

पाण्याचा. वाऱ्याने फांदी पडते, काच फुटते, पत्रा चेपतो. ते दुरुस्त होतं. पाणी आत शिरलं की वायरिंग, कॉम्प्युटर, एअरबॅग, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच दिवशी बाद होऊ शकतात. २०१७ च्या हार्वी वादळात टेक्ससमध्ये लाखो गाड्या गेल्या त्या पावसाच्या पाण्याने. नेदरलँड या गावात ६०.५८ इंच पाऊस मोजला गेला. माणसांच्या बाबतीतही तेच खरं आहे. अमेरिकेत पुरात बुडून जे लोक जातात, त्यांतले निम्म्याहून जास्त गाडी पाण्यात घातल्यामुळे जातात. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

वाऱ्याचा खरा त्रास उंच पुलांवर होतो. बऱ्याच ठिकाणी सलग वारा ताशी ४० मैलांच्या आसपास गेला की पूल बंद करतात, आणि बेटावर राहणाऱ्याचा बाहेर पडायचा रस्ता तिथेच संपतो.

किती पाण्यातून गाडी काढता येते? एसयूव्ही असेल तर?

वादळाच्या पाण्यातून काढूच नये. कारण सोप्या हिशोबात दिसतं. मध्यम गाडीचं वजन धरू १,५०० किलो, लांबी ४.५ मीटर, रुंदी १.८ मीटर. म्हणजे तळाचं क्षेत्रफळ झालं सुमारे ८ चौरस मीटर. पाणी तळाच्या वर १० सेंटिमीटर चढलं की ८०० किलोंच्या आसपास वजन पाणी उचलून धरतं, म्हणजे टायरवरचा भार निम्म्यावर येतो. आणखी १० सेंटिमीटर चढलं की गाडी तरंगते. तळ जमिनीपासून १७ सेंटिमीटर वर असेल, तर एकूण पाणी होतं जेमतेम १५ इंच. लहान गाड्या १२ इंचांतच हलतात. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक सगळ्या गाड्या ढकलून नेतं, त्यांत एसयूव्ही आणि पिकअपही आल्या.

एसयूव्हीवाल्यांचा भरवसा असतो गाडीच्या उंचीवर. पण बंद केबिन असलेली मोठी गाडी पाणी जास्त बाजूला सारते, म्हणून ती उचललीही जाते. फोर-व्हील ड्राइव्हचा उपयोग चाकं जमिनीला टेकलेली असतील तोवरच. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचला आहे, मॅनहोलचं झाकण जागेवर आहे की नाही, हे गाडीत बसून कळत नाही. रात्री तर पाणी आहे हेच उशिरा दिसतं.

वादळ कॅटेगरी १ चं आहे. मग घर सोडून निघायची गरज आहे का?

कॅटेगरी फक्त वाऱ्याचा वेग सांगते: १ म्हणजे ताशी ७४ मैलांपासून, ३ म्हणजे १११ पासून, ५ म्हणजे १५७ पासून. समुद्र किती आत येईल आणि पाऊस किती पडेल, हे त्यात नसतं. २००८ चं आइक वादळ गॅल्व्हेस्टनला धडकलं तेव्हा कॅटेगरी २ चं होतं, तरी बोलिव्हर द्वीपकल्पावर १५ ते २० फूट पाणी चढलं. म्हणून कॅटेगरी नव्हे, तुमचा झोन बघा, म्हणजे घर सोडण्याचा आदेश ज्या भागवार निघतो तो भाग. फ्लोरिडात काउंटीनुसार ए, बी, सी असे झोन असतात. ह्यूस्टन-गॅल्व्हेस्टन भागात पिनकोडवर आधारलेले झोन आहेत. घराचा झोन हंगामाआधीच काढून ठेवा. झोनमध्ये नसाल आणि घर पक्कं असेल, तर घरातच थांबा. रस्ता ज्यांना खरंच लागणार आहे, त्यांच्यासाठी तो मोकळा राहिला पाहिजे.

निघायचं तर किती आधी?

तुमच्या झोनला आदेश आला की त्याच दिवशी; वादळ किनाऱ्याला टेकायला ४८ तास उरलेले असतानाच घर सुटलेलं बरं. उशीर झाला की काय होतं, ते सप्टेंबर २००५ मध्ये रीटा वादळाच्या वेळी ह्यूस्टनने पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वीच कतरिनाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं होतं, त्या धास्तीने २५ लाखांच्या आसपास लोक एकदम रस्त्यावर आले. हायवेवर शंभर-शंभर मैल गाड्या उभ्या राहिल्या. पेट्रोल संपलं, इंजिनं तापली, माणसं उकाड्याने गेली. दोन्ही बाजूंच्या लेन शहराबाहेर जाण्यासाठी उघडल्या, पण उशिरा.

त्याच वेळी डॅलसजवळ विल्मर इथे वृद्धाश्रमातल्या लोकांना घेऊन जाणारी बस पेटली आणि २३ जण मेले. चौकशीत कारण निघालं मागच्या एका चाकाच्या बेअरिंगला पुरेसं वंगण नसणं. बेअरिंग तापलं, टायरने पेट घेतला, आणि आतल्या ऑक्सिजनच्या नळकांड्यांमुळे आग वाढली. लांबच्या, संथ, तापलेल्या प्रवासात गाडीची रोज न जाणवणारी खोट उघडी पडते. म्हणून जूनच्या आधी कूलंट, पट्टे, बॅटरी, ब्रेक, चारही टायर आणि स्टेपनीची हवा तपासून घ्या. वायपरचे रबरही बदला.

पेट्रोल किती भरून ठेवायचं?

हंगामभर टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका आणि आखातात वादळ तयार होतंय म्हटलं की फुल करा. एसी लावून उभी असलेली मध्यम गाडी तासाला साधारण अर्धा गॅलन पिते. दहा तासांच्या कोंडीत पाच गॅलन एकही मैल न जाता गेले. वादळानंतर वीज नसली की पंपाच्या जमिनीखाली हजारो गॅलन असूनही वर येत नाही, हेही धरून चला.

कॅन घ्यायचा तर पेट्रोलसाठी मंजूर असलेला लाल कॅन. तो जमिनीवर ठेवूनच भरायचा. डिकीत किंवा पिकअपच्या प्लास्टिक लायनरवर ठेवून भरला तर स्थिर विजेच्या ठिणगीने भडका उडू शकतो. वर थोडी जागा मोकळी सोडा. भरलेला कॅन माणसं बसतात तिथे ठेवू नका.

आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना इथे गाडी चालवता येत नाही. आम्ही दोघं कामावर असलो तर?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. कतरिनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये एक लाखाहून जास्त लोकांकडे गाडीच नव्हती, आणि जे मागे राहिले त्यांत म्हातारी माणसं जास्त होती. आता त्या शहरात ठरलेल्या थांब्यांवरून सरकारी बस लोकांना बाहेर नेतात. टेक्ससमध्ये २११ वर फोन करून ज्यांना नेण्यासाठी मदत लागेल अशांची नोंद आधी करता येते. आई-बाबांच्या फोनमध्ये शेजाऱ्याचा आणि तुमच्या काउंटीच्या आपत्कालीन कार्यालयाचा नंबर घालून द्या, आणि घराचा पत्ता व झोन मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फ्रिजवर लावा. औषधं, पासपोर्ट आणि व्हिसाची कागदं एका झिपच्या पिशवीत. तुमच्या झोनला आदेश आला की एकाने काम सोडून घरी यायचं, हे वादळाआधीच ठरलेलं असू द्या.

दोन गाड्यांपैकी एक मागे ठेवायची आहे. कुठे ठेवू?

उंचावर. काँक्रीटच्या बहुमजली पार्किंगचे मधले मजले सर्वात चांगले: खाली पाणी, वर गच्चीवर उडून येणारा पत्रा. न्यू ऑर्लिन्समध्ये रस्त्याच्या मधल्या उंच हिरवळीवर गाड्या लावायला वादळाआधी शहर सूट देतं, कारण रस्ता भरला तरी ती पट्टी काही इंच वर राहते. काही इंचांवरच सगळं अवलंबून असतं.

घराच्या गॅरेजात पाणी येण्याची शक्यता नसेल तर तिथे ठेवा. दार जुनं असेल तर आतून आधार द्या. गॅरेजचं दार आत ढकललं गेलं की वारा घरात भरतो आणि छत उचलतो. झाड, विजेचा खांब, होर्डिंग यांच्याजवळ नको. हँडब्रेक लावा, काचा पूर्ण वर, सनरूफ बंद. काचांना टेप लावून काही होत नाही. गाडीचे चारही बाजूंनी, आतून, आणि मैलांच्या आकड्याचे फोटो काढा. विम्याच्या दाव्यात ते कामी येतात. इलेक्ट्रिक गाडी बुडण्याची थोडीही शक्यता असेल, तर ती घराला जोडलेल्या गॅरेजात ठेवूच नका.

गाडी पाण्यात अडकली आणि आत पाणी येतंय. काय करू?

फोन नंतर. हातात साधारण मिनिटभर असतं.

१. सीटबेल्ट काढा.
२. काच खाली करा. पाणी काचेपर्यंत पोचायच्या आत. नंतर दाबामुळे काच सरकत नाही. दार उघडायच्या नादी लागू नका: बाहेरचं पाणी ते दाबून धरतं, आणि उघडलंच तर गाडी लगेच भरते.
३. मुलांना आधी बाहेर काढा, मोठ्या मुलापासून सुरुवात करून. मग स्वतः.
४. टपावर चढा किंवा प्रवाहाबरोबर तिरकं काठाकडे जा.

काच फोडायची छोटी हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी बांधलेली हवी, ग्लोव्ह बॉक्समध्ये नव्हे. ती फक्त टेम्पर्ड, म्हणजे बारीक तुकडे होऊन फुटणाऱ्या, काचेवर चालते. नव्या बऱ्याच गाड्यांच्या बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात आणि त्या फुटून पडत नाहीत. काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात प्रकार छापलेला असतो. आज गाडीपाशी जाऊन तो वाचा, आणि कोणती काच फुटेल हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

विजेची तार गाडीवर पडली तर?

आत बसून राहा, ९११ ला फोन करा, आणि जवळ येणाऱ्यांना लांब थांबायला सांगा. गाडीने पेट घेतला तरच उतरायचं: दोन्ही पाय जुळवून उडी, गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श नाही, आणि मग पावलं न उचलता घासत किमान ३५ फूट दूर.

वीज गेली आहे. गॅरेजात गाडी चालू करून फोन चार्ज करू का?

नाही. गॅरेजचं दार उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो भिंतीतून आणि दारातून घरात शिरतो. वादळाच्या पाठोपाठ दरवेळी माणसं याने मरतात. गाडी बाहेर मोकळ्यावर काढा आणि धुराड्याच्या तोंडाशी पाणी किंवा कचरा साचला नाही ना हे बघा. जनरेटरसाठी घरापासून २० फूट अंतर.

पाणी ओसरलं. गाडी बाहेरून ठीक दिसते. सुरू करून बघू का?

चावी फिरवू नका. सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन बऱ्याचदा वाचवता येतं. ते मरतं पहिल्या स्टार्टला. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही, कारण हवेसारखं पाणी आक्रसत नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड, आणि कधी ब्लॉकला भोक पडतं. हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड बहुतेक गाड्यांत जाळीच्या मागे, हेडलाइटच्या उंचीला असतं. तिथपर्यंत चिखलाची रेघ दिसली तर आत पाणी गेलंच आहे, असं धरा.

आधी पाण्याची रेघ कुठवर आहे ते बघा. कार्पेटच्या खाली असेल तर ब्रेक, चाकांची बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या तेलाची तपासणी बहुधा पुरते. सीटपर्यंत असेल तर मेकॅनिकशिवाय हात लावू नका. डॅशबोर्डपर्यंत असेल तर विमा कंपनी बहुतेक वेळा गाडी पूर्ण बाद धरते.

पेट्रोल गाडी असेल तर मेकॅनिकचं काम साधारण असं चालतं. १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. एअर फिल्टर उघडून बघायचा. ओला असेल तर पुढचं सगळं आलंच. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ किंवा चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. ऑइल आणि ट्रान्समिशनचं तेल काढून टाकायचं. स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने, क्रँकच्या बोल्टला पाना लावून फिरवायचं. प्लगच्या भोकांतून पाणी उडतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा फिरवायचं. मग नवं ऑइल, नवा फिल्टर, थोडा वेळ चालवून तेही बदलायचं, कारण पहिल्या भरणीत उरलेलं पाणी उतरतं. हे काम पहिल्या एक-दोन दिवसांत व्हायला हवं. आठवडाभर ओलं राहिलेलं इंजिन आतून गंजून आवळतं.

समुद्राचं पाणी आणि पावसाचं पाणी यांत इतका फरक आहे?

आहे, जमीन-अस्मानाचा. गोडं पाणी वाळतं. खारं पाणी वाळलं तरी मीठ मागे राहतं, हवेतला दमटपणा शोषत राहतं आणि वीज वाहून नेतं. सीटखालचा पिवळा कनेक्टर खोलून पाहा, तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्टचा असतो. खाऱ्या पाण्यातून निघालेल्या गाडीत काही आठवड्यांत त्याच्या तांब्याच्या पिनांवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड धरलेली दिसते. गाडी चालते, दिवे लागतात, आणि सहा महिन्यांनी अपघातात एअरबॅग उघडत नाही. म्हणून समुद्राचं पाणी आत शिरलेली गाडी दुरुस्त करू नये, असंच आम्ही सांगतो, मग ती कितीही नवी असो.

इलेक्ट्रिक गाडी बुडाली तर खरंच आग लागते?

लागू शकते, विशेषतः खाऱ्या पाण्यानंतर, आणि कधी कधी पाणी ओसरून दिवस किंवा आठवडे गेल्यावर. २०२२ च्या इयान वादळानंतर फ्लोरिडात अशा आगी लागल्या. २०१२ च्या सँडीमध्ये न्यूअर्क बंदरात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या १६ फिस्कर कर्मा गाड्या जळाल्या. तिथे सुरुवात झाली ती साध्या १२ व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या एका नियंत्रण पेटीत मिठाने झालेल्या शॉर्ट सर्किटपासून, आणि वाऱ्याने आग शेजारच्या गाड्यांवर पसरली.

बुडालेली इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी चार्जिंगला लावू नका, सुरू करू नका. घर, दुसरी गाडी, लाकूड यांपासून ५० फूट लांब उघड्यावर राहू द्या. हलवायची तर सपाट ट्रकवर चढवून. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. फुसफुस, तडतड, धूर किंवा गोडसर वास आला तर दूर व्हा आणि ९११ ला सांगताना गाडी बॅटरीची आहे हे आधी सांगा. बुडालीच नसेल, तर घर सोडून निघायला ही गाडी चांगलीच आहे: कोंडीत उभी असताना ती फार थोडी वीज घेते.

विमा पैसे देतो का?

अमेरिकेत ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ हा भाग घेतला असेल तरच. पूर, पडलेलं झाड, उडून आलेला पत्रा हे सगळं त्यात येतं. फक्त लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) किंवा कोलिजन (धडकेचा) भाग असेल तर पुराचा एक पैसाही नाही. घराचा विमा आणि घराचा पूरविमा दोन्ही गाडीला लागू होत नाहीत. वादळ जवळ आलं की कंपन्या नवी पॉलिसी देणं आणि असलेली वाढवणं थांबवतात, त्यामुळे हे मे महिन्यातच बघून घ्या. गाडी कर्जावर असेल आणि कर्ज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर गॅप कव्हर नसल्यास फरक खिशातून जातो.

कोकणात, मुंबईत, गोव्यात यातलं काय वेगळं?

अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. ३ जून २०२० ला निसर्ग हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली भागात माड-पोफळी आडव्या झाल्या, रस्ते बंद पडले. तिथे गाडीला पहिला धोका माडाचा आणि उडणाऱ्या पत्र्यांचा, म्हणून वाडीतल्या सावलीतली गाडी आदल्या दिवशीच उघड्या कातळावर काढा. करवत, दोर आणि कोयता घरात असू द्या. वाट स्वतःच मोकळी करावी लागते. मुंबईत धोका मात्र तुंबलेल्या पाण्याचा आणि तळघरातल्या पार्किंगचा.

विमा: फक्त थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही. पूर्ण पॉलिसीत पूर आणि चक्रीवादळ येतं, पण पाण्यात सेल्फ मारून इंजिन गेलं तर तो तुमचा निष्काळजीपणा ठरवून दावा नाकारला जातो. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर लागतं, आणि तेही वारंवार सेल्फ मारल्याचं दिसलं तर अडतं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण बाद धरतात. गाडी जिथे बंद पडली तिथेच, पाण्याच्या रेघेसह फोटो काढा, मग टोइंगला फोन करा.

गाड्यांच्या धुरामुळेच वादळं वाढली आहेत का?

एखादं वादळ गाड्यांनी आणलं, असं म्हणता येत नाही. पण संबंध खरा आहे. एक गॅलन पेट्रोल जळलं की सुमारे ८.९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वर्षाला १२,००० मैल, गॅलनला २५ मैल, म्हणजे एका गाडीचे चार टनांहून जास्त. त्याने हवा आणि समुद्र तापतो. हरिकेनला साधारण २६.५ अंश सेल्सिअसहून उबदार पाणी लागतं, आणि हवा एका अंशाने तापली की ती ७ टक्के जास्त बाष्प धरते. हार्वीचा पाऊस तापमानवाढीने किमान १५ टक्क्यांनी वाढला, असं अभ्यासांत निघालं. वादळांची एकूण संख्या वाढली असं ठामपणे म्हणता येत नाही. जोरदार वादळांचा वाटा वाढला आहे.

गाडीवाल्याच्या दृष्टीने सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे वादळं आता झपाट्याने जोर धरतात. रात्री कॅटेगरी १ म्हणून झोपायचं आणि सकाळी ४ ऐकायचं, असं झालं की बाहेर पडायला मिळणारे तास कमी होतात. वर निघण्याबद्दल आम्ही इतका आग्रह धरला, तो याचसाठी.

वादळानंतर जुनी गाडी स्वस्तात मिळतेय. बुडालेली कशी ओळखायची?

पुराच्या गाड्या धुऊन-पुसून किनाऱ्यापासून दूरच्या राज्यांत विकल्या जातात, कधी टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) पुराचा शिक्काही राज्य बदलून घालवलेला असतो. गाडीचा व्हिन नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरोच्या ‘व्हिनचेक’वर फुकट तपासा. पण विमाच नसलेल्या गाडीची नोंद कुठेच सापडत नाही, म्हणून हाताने बघणं सोडू नका. प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहिलेली असते, ती कोणी धुवत नाही. स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बोट फिरवा, बारीक वाळू लागते का पाहा. सीटचे बोल्ट गंजलेले पण सीट नवी, किंवा जुन्या गाडीत कार्पेट तेवढं कोरं, ही खूण. हेडलाइटच्या आत आडवी धुकट रेघ, डॅशबोर्डखालच्या तारा कडक आणि करकरीत, बंद काचांत उग्र सुगंधी फवारा. यातलं एकही दिसलं तर किंमत विचारू नका.